दारापासून लांब राहायला शिकवणारी नर्स: मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन



व्हिडिओ डोअरबेल ही आता काही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. बेल वाजते, मोबाईलवर नोटिफिकेशन येतं आणि आपण सोफ्यावरून न उठता बघतो की बाहेर कुरिअरवाला आहे, शेजारच्या काकू आहेत की कुणी अनोळखी माणूस उभा आहे. वाटलं तर बोलतो, वाटलं तर गप्प बसतो. हे सगळं एखाद्या मोठ्या टेक कंपनीच्या लॅबमध्ये सुचलं असेल असं वाटणं साहजिक आहे.

पण या कल्पनेचं पेटंट १९६९ सालचं आहे. तेव्हा मोबाईल नव्हता, वाय-फाय नव्हतं आणि आज आपण वापरतो ते इंटरनेटही नव्हतं. पेटंटवर पहिलं नाव आहे एका नर्सचं: मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन. आज मी तुम्हाला त्यांचीच गोष्ट सांगणार आहे. गोष्ट एका यंत्राची आहेच, पण त्याहून जास्त एका प्रश्नाची आहे. आपण घरात एकटे आहोत आणि दाराबाहेर कुणी आलंय, तर नक्की करायचं काय?

क्वीन्समधली मेरी

मेरी यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९२२ रोजी न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात झाला. क्वीन्समध्ये जमैका नावाची वस्ती आहे (कॅरिबियन समुद्रातला जमैका देश वेगळा, गल्लत करू नका). मेरी तिथल्याच. त्या कृष्णवर्णीय अमेरिकन होत्या. पेशाने नर्स. नवरा अल्बर्ट ब्राऊन इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन होता. त्यांना दोन मुलं होती.

आता या घराचं टाइमटेबल डोळ्यांसमोर आणा. नर्सची ड्यूटी कधी दिवसा, कधी रात्री. अल्बर्टच्या कामाच्या वेळाही अशाच आडनिड्या. त्यामुळे दोघं एकाच वेळी घरी आहेत असं कमीच व्हायचं. मेरी कित्येकदा रात्री-अपरात्री घरात एकट्या असायच्या. वस्तीत गुन्ह्यांचं प्रमाण वाढत चाललेलं आणि पोलिसांना बोलावलं तरी ते लवकर पोहोचायचे नाहीत.

हा मुद्दा मला जवळचा वाटतो, कारण माझी ताईसुद्धा नर्स आहे. नाईट ड्यूटी करून ती सकाळी घरी येते, तेव्हा भावोजी ऑफिसला निघालेले असतात आणि भाची शाळेत गेलेली असते. दुपारी दोनपर्यंत ताई फ्लॅटमध्ये एकटी, तीही गाढ झोपेत. बेल वाजली की अर्धवट झोपेत उठायचं, ओढणी घ्यायची आणि दाराकडे जायचं. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. मेरी यांच्या गोष्टीत साठ वर्षं आणि हजारो किलोमीटरचं अंतर आहे, पण दाराकडे जाताना पोटात येणारा गोळा तोच आहे.

पोलिसांना फोन लावणं तेव्हा सोपं नव्हतं

आज आपण ११२ डायल करतो. अमेरिकेत ९११ डायल करतात. पण १९६६ साली, म्हणजे मेरी यांनी पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा, अमेरिकेत ९११ हा नंबर सुरूच झालेला नव्हता. पहिला ९११ कॉल लागला १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल नावाच्या छोट्या गावात. न्यूयॉर्क शहरात ही सेवा आली त्याच वर्षी जुलैमध्ये.

त्याआधी काय करायचे? एक तर ऑपरेटरला फोन लावायचा आणि तो पुढे जोडून देईपर्यंत थांबायचं, नाही तर पोलिसांचा पूर्ण सात आकडी नंबर फिरवायचा. फिरवायचा म्हणजे अक्षरशः फिरवायचा, कारण घराघरांत गोल डायलचे फोन होते. प्रत्येक आकड्याला बोट घालून चकती फिरवा, ती परत जागेवर येऊ द्या, मग पुढचा आकडा. तोही अंधारात, थरथरत्या हाताने, बाहेर कुणी कडी हलवत असताना.

त्यात फोन एका जागी, भिंतीला नाही तर टेबलावर. तो खिशात घेऊन दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. म्हणजे धोका दारात आणि मदत लांब. मेरी यांना नेमकं हेच बदलायचं होतं.

त्याआधी घराच्या सुरक्षेला काय होतं?

चोर आला की वाजणारी घंटा तशी जुनीच. अमेरिकेतच १८५३ साली ऑगस्टस पोप यांनी विजेवर चालणाऱ्या अलार्मचं पेटंट घेतलं होतं. त्याची युक्ती साधी होती. दार किंवा खिडकी उघडली की विजेचं सर्किट पूर्ण व्हायचं आणि घंटा वाजायची. आजही अनेक दुकानांत आणि घरांत दाराला चुंबकाचा सेन्सर असतो, त्याचं तत्त्व फार वेगळं नाही.

पण नीट बघा, या अलार्ममध्ये एक अडचण आहे. तो वाजतो दार उघडल्यावर. म्हणजे माणूस आत आल्यावर. घर रिकामं असेल तर ठीक आहे, शेजारी जागे होतील, चोर पळेल. पण तुम्ही स्वतः घरात असाल तर ही खबर उशिराची झाली.

दुसरं साधन म्हणजे दारातलं छोटं भिंग, आपण ज्याला मॅजिक आय म्हणतो. त्यातून बाहेरचं दिसतं, पण त्यासाठी आपल्याला दाराला डोळा लावून उभं राहावं लागतं. बाहेरच्याला चाहूल लागते की आत कुणीतरी आहे. शिवाय आपण आणि तो यांच्यात उरते फक्त लाकडाची एक फळी.

तिसरं साधन, कॅमेरा. क्लोज्ड सर्किट टीव्ही, म्हणजे सीसीटीव्ही, तेव्हा अस्तित्वात होता. १९४२ मध्ये जर्मनीत व्ही-२ रॉकेटचं उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी असे कॅमेरे वापरले गेले होते. रॉकेट फुटलं तर जवळ उभा असलेला माणूस मरणार, म्हणून माणूस लांब आणि कॅमेरा जवळ. नंतर अशी यंत्रणा उद्योगधंद्यांत आली. पण साध्या घराच्या दाराला कॅमेरा लावावा, अशी पद्धत नव्हती.

मेरी यांचं यंत्र कसं चालायचं?

मेरी यांनी कल्पना मांडली आणि अल्बर्टच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कौशल्याची तिला जोड मिळाली. दोघांनी मिळून जे तयार केलं, ते आपण एकेक भाग घेऊन समजून घेऊ.

पहिला भाग, दारातली भोकं. मुख्य दारात एकाखाली एक अशी चार भोकं होती. सर्वांत वरचं उंच माणसासाठी, सर्वांत खालचं लहान मुलासाठी. एकच भोक ठेवलं असतं तर वाकून उभा राहिलेला माणूस किंवा लहान मूल दिसलंच नसतं.

दुसरा भाग, सरकणारा कॅमेरा. दाराच्या आतल्या बाजूला कॅमेरा बसवलेला होता आणि तो मोटरच्या मदतीने वर-खाली सरकायचा. आतल्या माणसाने बटण दाबलं की कॅमेरा एका भोकावरून दुसऱ्या भोकावर जायचा. आजच्या डोअरबेलमध्ये वाइड अँगल लेन्स असते, ती एकाच जागेवरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत दाखवते. तेव्हा अशी स्वस्त आणि चिमुकली लेन्स नव्हती, म्हणून कॅमेराच हलवायचा.

तिसरा भाग, बेडरूममधला मॉनिटर. कॅमेऱ्यातलं चित्र रेडिओ लहरींवरून घरातल्या टीव्ही मॉनिटरपर्यंत जायचं. मॉनिटर कुठल्याही खोलीत ठेवता यायचा. म्हणजे बाहेर कोण आहे हे बघायला पलंगावरून उठायचीही गरज नाही.

चौथा भाग, आवाज. दाराबाहेरच्या माणसाशी बोलण्यासाठी आणि त्याचं ऐकण्यासाठी मायक्रोफोन आणि स्पीकर होते. आज आपण ज्याला टू-वे ऑडिओ म्हणतो, तेच.

पाचवा भाग, लांबूनच उघडणारं कुलूप. बाहेर ओळखीचं माणूस असेल तर खोलीतूनच बटण दाबून दार उघडता यायचं.

आणि सहावा भाग, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. धोक्याचं बटण. बाहेरचा माणूस संशयास्पद वाटला तर एक बटण दाबायचं आणि रेडिओवरून वॉचमन, सुरक्षा यंत्रणा किंवा पोलिसांपर्यंत इशारा पोहोचवायचा. ऑपरेटर नाही, सात आकडे नाहीत, चकती फिरवणं नाही.

आता हे सहाही भाग एकत्र ठेवून बघा. यातलं जवळजवळ प्रत्येक सुटं तंत्र आधीपासून होतं. कॅमेरा होता, रेडिओ होता, विजेचं कुलूप होतं. मेरी यांनी ते एका क्रमात बसवलं. आधी लांबून बघा, मग लांबूनच बोला, मग ठरवा. दार उघडायचं की मदत मागवायची, हे दोन्ही निर्णय दारापासून दूर, कडी लावलेल्या खोलीत बसून घेता यावेत. घरातल्या माणसाला दोन गोष्टी मिळाल्या, अंतर आणि वेळ.

पेटंट आणि चार दिवसांची प्रसिद्धी

१ ऑगस्ट १९६६ रोजी मेरी आणि अल्बर्ट यांनी पेटंटसाठी अर्ज केला. मंजुरी मिळायला तीन वर्षांहून अधिक काळ गेला. २ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकन पेटंट क्रमांक ३४८२०३७ त्यांच्या नावावर नोंदलं गेलं. विषय होता टीव्हीच्या साहाय्याने घराची सुरक्षा. अर्जात मेरी यांचं नाव पहिलं आणि अल्बर्टचं दुसरं.

हा क्रम मला मुद्दाम सांगावासा वाटतो. अमेरिकेत वंशभेदाविरुद्धचा नागरी हक्क कायदा झाला १९६४ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांत एक कृष्णवर्णीय नर्स इलेक्ट्रॉनिक्समधल्या शोधावर आपलं नाव पहिलं लिहून अर्ज करते. टेक्निशियन नवरा होता, यंत्राची जोडणी त्याला कळत होती. पण अडचण कुणाची होती आणि उत्तर कुणाला सुचलं, हे कागदावर स्पष्ट आहे.

मंजुरीनंतर चारच दिवसांनी, ६ डिसेंबर १९६९ रोजी, न्यूयॉर्क टाइम्सने या शोधाची बातमी छापली. घरात एकटी असलेली बाई बटण दाबून लगेच इशारा देऊ शकेल, हा मुद्दा मेरी यांनी त्यात मांडला होता. डॉक्टरांच्या दवाखान्यातही हे यंत्र लावता येईल, म्हणजे नशेसाठी लुटायला येणाऱ्यांना आधीच रोखता येईल, असंही त्यांचं म्हणणं होतं. आयुष्य रुग्णसेवेत गेलेल्या बाईला घरानंतर दवाखान्याचंच दार आठवावं, यात नवल नाही. या कामासाठी त्यांना नॅशनल सायंटिस्ट्स कमिटीचा पुरस्कारही मिळाला.

मग हे यंत्र घरोघरी का गेलं नाही?

घरं बांधणाऱ्या बिल्डरांनी आणि कंपन्यांनी आपल्या यंत्रात रस घ्यावा, अशी ब्राऊन दांपत्याची इच्छा होती. पण तो मोठा धंदा झाला नाही.

कारण समजायला कठीण नाही. त्या काळातला व्हिडिओ कॅमेरा काचेच्या नळीवर चालायचा. तो आकाराने मोठा आणि किमतीने भारी. त्यात मॉनिटर, रेडिओ यंत्रणा, सरकणारी मोटर आणि दाराचं काम, हे सगळं धरलं तर साध्या कुटुंबाला ते परवडणारं नव्हतं. म्हणजे ज्या वस्तीतल्या, ज्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बाईसाठी हे सुचलं, तिलाच ते विकत घेता आलं नसतं.

कॅमेऱ्याची चिप स्वस्त व्हायला, वाय-फाय घरात यायला आणि खिशात स्क्रीन यायला पुढची चाळीसेक वर्षं गेली. २०१३ च्या सुमारास मोबाईलला जोडलेल्या डोअरबेल बाजारात येऊ लागल्या. दरम्यान पेटंटच्या जगात मात्र मेरी यांचं काम विसरलं गेलं नाही. नंतरच्या तीसहून अधिक पेटंटांमध्ये त्यांच्या पेटंटचा संदर्भ दिलेला आहे. पेटंटमध्ये असा संदर्भ देणं म्हणजे आमच्या आधी या वाटेने हे गेले होते, अशी लेखी कबुली असते.

मेरी यांचं निधन २ फेब्रुवारी १९९९ रोजी झालं. वय ७६. त्यांची मुलगीही पुढे नर्स झाली आणि तिनेही स्वतःचे शोध लावले. स्मार्टफोन हातात धरून घरचं दार बघणारी पिढी मेरी यांनी पाहिली नाही.

आज आपल्याकडे यंत्र आहे, पण क्रम आहे का?

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. मेरी यांना जे परवडलं नसतं ते आज आपल्या खिशात आहे. कॅमेरा, मॉनिटर, मायक्रोफोन आणि धोक्याचं बटण, सगळं एका मोबाईलमध्ये. तरीही घरफोडीचं फुटेज आपण बहुतेक वेळा नंतर बघतो, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड झालेलं. तो पुरावा झाला. घरातल्या माणसाची सुरक्षा म्हणजे मेरी यांचा तो क्रम: लांबून बघा, वेळ मिळवा, मदत मागवा. म्हणून मी ताईसाठी जी तयारी करून दिली, तीच तुम्हालाही सांगतो. यातल्या अर्ध्याहून जास्त गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

१. फोनमधलं धोक्याचं बटण आजच सुरू करा. सेटिंग्जमध्ये इमर्जन्सी एसओएस शोधा. काही फोनमध्ये पॉवर बटण पटापट तीनदा दाबावं लागतं, काहींमध्ये पाचदा. आपल्या फोनमध्ये किती वेळा, हे आत्ताच वाचून ठेवा. घरच्या दोन माणसांचे नंबर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून टाका.

२. एसओएसचा आवाज तपासा. हे फार जण बघत नाहीत. अनेक फोनमध्ये एसओएस सुरू होताना मोठा अलार्म किंवा उलटी मोजणी ऐकू येते. तुम्ही बाथरूममध्ये लपलेले असाल आणि फोन बोंबलायला लागला, तर तुमची जागा कळली. हा आवाज बंद करायचा पर्याय त्याच सेटिंगमध्ये असतो. आयफोनमध्ये तो कॉल क्वाएटली या नावाने आहे.

३. झोपताना फोन चार्जिंगला हॉलमध्ये ठेवू नका. मेरी यांच्या काळात फोन भिंतीला बांधलेला होता. आपला सुटा आहे, तर तो झोपण्याच्या खोलीतच, हाताशी ठेवा.

४. बेल वाजली की आधी स्क्रीन, मग आवाज, मग दार. डोअरबेल नसेल तर सेफ्टी डोअर बंद ठेवूनच बोला. मीटर रीडिंग, गॅस, पार्सल, काहीही सांगितलं तरी ओळख पटेपर्यंत कडी काढायची नाही. आणि मी घरी एकटीच आहे, हे बाहेरच्याला कधीच सांगायचं नाही.

५. कुणी दार फोडतंय किंवा आत शिरलंय असं कळलं, तर बघायला जाऊ नका. सुरक्षितपणे बाहेर पडण्याची दुसरी वाट असेल तर बाहेर पडा. नसेल तर जवळच्या खोलीत जा, आतून कडी लावा, दारामागे कपाट किंवा पलंग सरकवता आला तर सरकवा. फोन सायलेंट करा, व्हायब्रेशनही बंद.

६. ११२ लावा आणि सर्वांत आधी पत्ता सांगा. सोसायटीचं नाव, विंग, मजला, फ्लॅट नंबर, जवळची खूण. नंतर काय झालंय ते सांगा. मध्येच फोन तुटला तरी पोलिसांना यायचं कुठे, हे कळलेलं असेल. लहान मुलांनाही घराचा पूर्ण पत्ता पाठ करून ठेवा. पाहुणे आले असतील तर त्यांनाही सांगून ठेवा.

७. समोरासमोर आलातच तर वस्तूसाठी झटापट करू नका. लॅपटॉप, दागिने, पैसे जाऊ द्या. त्याची पळायची वाट अडवू नका. चेहरा, उंची, कपडे, आवाज, जमेल तेवढं लक्षात ठेवा, पण टक लावून बघत बसू नका आणि त्याच्यासमोर व्हिडिओ काढायला तर अजिबात जाऊ नका.

८. बाहेरून आलात आणि कुलूप तुटलेलं दिसलं तर आत पाऊल टाकू नका. चोर अजून आत असू शकतो. मागे फिरा, शेजाऱ्यांकडे जा आणि तिथून ११२ लावा. पोलीस येईपर्यंत काही हलवू नका, ठशांना हात लागतो.

डोअरबेल घेत असाल तर

डोअरबेल घ्यायची की नाही, हा तुमच्या खिशाचा प्रश्न. घेतलीत तर दोन फरक ध्यानात ठेवा.

एक म्हणजे वीज. वाय-फाय डोअरबेलमध्ये बॅटरी असली तरी राउटर विजेवर चालतो. लाइट गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद म्हणजे मोबाईलवर चित्र नाही. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो लावून घ्या. आणि लाइट गेली असताना बेल वाजली तर जास्त सावध राहा.

दुसरं म्हणजे चित्र जातं कुठे. मेरी यांच्या यंत्रातलं चित्र दारावरून त्यांच्याच घरातल्या मॉनिटरवर जायचं. आजच्या बऱ्याच डोअरबेलचं चित्र आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून तुमच्या फोनवर येतं. म्हणून पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, ॲप अपडेट ठेवा. घरी कोण कधी येतं-जातं हे चोराला कळू नये म्हणून कॅमेरा लावायचा आणि तीच माहिती सोप्या पासवर्डमागे ठेवायची, याला अर्थ नाही. कॅमेऱ्याचं तोंड आपल्याच दाराकडे ठेवा, समोरच्या फ्लॅटच्या आत डोकावेल असं नको.

मेरी ब्राऊन यांना चोराला पकडायचं नव्हतं. त्यांना नाईट ड्यूटीवरून येऊन स्वतःच्या घरात निर्धास्त झोपायचं होतं. त्यासाठी त्यांनी चार भोकांचं दार, सरकणारा कॅमेरा आणि एक बटण जोडलं. आपल्याला तेवढी खटपट नाही. फोन हातात आहेच, तर दुसरं काही उघडायच्या आधी सेटिंग्ज उघडा आणि इमर्जन्सी एसओएस लावून टाका. मग हेच काम आईच्या, आजीच्या आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीच्या फोनवर करून द्या. पाच मिनिटं पुरतात.